अथेन्समध्ये नुसतं प्लास्टर?

"अथेन्सला म्युझियमवर पैसे घालवू नका. अस्सल सगळं लंडनला गेलं, उरलंय ते प्लास्टर. खरं बघायचं तर अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवर जा. नाहीतरी ग्रीक मूर्ती पांढऱ्याफटक, एक बघितली की शंभर बघितल्या." ग्रीसची सहल ठरली की हा मजकूर कुणीतरी पाठवतंच.

सगळं लंडनला गेलं? टेकडीवरच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पपट्टी मुळात १६० मीटर लांब. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी १८०१ पासून जे उतरवून नेलं त्यात तिचे सुमारे ८० मीटर गेले. पन्नासेक मीटर अथेन्समध्येच आहेत. निम्मं गेलं हे खरं, आणि त्याची चीड मलाही आहे. पण प्लास्टर कुणी लपवलेलं नाही. २००९ साली उघडलेल्या अ‍ॅक्रोपोलिस म्युझियमच्या वरच्या मजल्यावर पट्टी मूळ क्रमाने लावलीय. अस्सल दगड मधाळ पिवळसर, बाहेर गेलेल्याच्या जागी पांढरं प्लास्टर. चालता चालताच कळतं, कुठून काय उचललंय.

खरं टेकडीवर दिसतं? इथे तर उलटंच आहे. एरेक्थिऑन मंदिराचं छत डोक्यावर पेलणाऱ्या सहा स्त्रिया वर दिसतात ना, त्या सगळ्या नकला. प्रदूषणाने संगमरवर झिजू लागला म्हणून अस्सल मूर्ती १९७९ मध्ये खाली आणल्या. पाच म्युझियममध्ये, सहावी आधीच लंडनला गेलेली. म्युझियममध्ये तिची जागा मोकळी ठेवलीय. खाली त्यांच्या पाठीमागे जाता येतं, आणि मी तर म्हणेन आधी मागेच जा. चेहरे झिजलेत, पण पाठीवरच्या वेण्यांचा पेड न् पेड दिसतो. त्या इतक्या जाड का, तर एवढ्या भाराखाली बारीक मान टिकावी म्हणून. हौसेची हौस आणि खांबाचा खांब.

पांढऱ्याफटक? मुळात रंगवलेल्या होत्या. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी फौजेने अ‍ॅक्रोपोलिस जाळलं, मोडक्या मूर्ती अथेन्सकरांनी तिथेच पुरल्या, आणि मातीत राहिल्याने रंगाच्या खुणा वाचल्या. 'पेप्लॉस कोरे' या तरुणीच्या केसांवर अजून तांबूस झाक आहे. शेंदूर लावलेले देव बघत वाढलेल्या आपल्याला तरी याचं नवल वाटू नये.

राहिलं 'एक बघितली की शंभर'. शहरातल्याच राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात गंजून हिरवा पडलेला एक ब्राँझचा तुकडा आहे, वितीपेक्षा लहान. त्यात चार आऱ्यांचं दातेरी चाक रुतलंय. अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये वर काढलेलं हे यंत्र. निदान ३० चाकं, सूर्यचंद्राच्या जागा आणि ग्रहणं सांगणारी. हा शंभरातला कितवा धरायचा?