प्रतिक्रियेला उत्तर : ब्रिगहॅम यंगची गादी आणि ऑर्सन हाइडचा नंबर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे, पण त्यामागे वाचनही दिसतं. म्हणून नुसते आभार मानून सुटका करून घेत नाही.

अमेरिकेतल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. पहिला, ‘मॉर्मनांनी वाळवंटात नंदनवन फुलवलं’ हे माझं वाक्य जेत्यांच्या तोंडचं आहे. दुसरा, मी ज्याला ‘संस्थेची ताकद’ म्हणतो ती खरं तर मॉर्मन चर्चचा दुसरा अध्यक्ष ब्रिगहॅम यंग याची हुकूमशाही होती आणि त्याने चर्च म्हणजे घरचं दुकान असल्यासारखी पोरांना पदं वाटली. शेवटी एक चिमटाही आहे : मराठी ब्लॉगवर हे सगळं कशाला?

पहिला आक्षेप मान्य. जुलै १८४७ मध्ये मॉर्मनांच्या गाड्या आजच्या यूटा राज्यातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरल्या तेव्हा तो मुलूख कागदोपत्री मेक्सिकोचा आणि प्रत्यक्षात शोशोनी व यूट लोकांच्या वावराचा होता. १८४९ मध्ये यूटा सरोवराकाठी, जिथे आज प्रोव्हो शहर आहे, तिथे वसाहत झाली. ती टिंपानोगोस लोकांच्या मासेमारीच्या जागेवर. वर्ष उलटायच्या आत भांडणं पेटली आणि १८५० च्या सुरुवातीला यंगनेच त्यांच्यावर सशस्त्र तुकडी धाडायला मंजुरी दिली. पकडलेले लोकही मारले गेले. मी हे गाळलं होतं. मूळ लेखातलं ते वाक्य काढलं आहे.

पाण्याबद्दलचं म्हणणं मात्र मागे घेत नाही. डोंगरातून येणारा ओढा कुणा एकाच्या मालकीचा नाही, हे तिथे सुरुवातीपासून ठरलेलं होतं. १८५२ च्या कायद्याने पाणी आणि लाकूड यांचा ताबा काउंटी कोर्टांकडे दिला. पाट खणायला गावाने एकत्र उतरायचं, बिशपने (म्हणजे चर्चच्या स्थानिक प्रमुखाने) माणसं लावायची, मग पाळीने पाणी घ्यायचं आणि त्यावर एक पाटकरी. पांझरेकाठची फड पद्धत ज्याने पाहिली आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

आता हुकूमशाहीकडे येऊ. यंग हुकूमत गाजवायचा, याबद्दल वाद नाही. पण त्याची हुकूमत त्याच्या घरात राहिली का? इथे तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतो.

२७ जून १८४४ ला चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात मारला गेला तेव्हा वारस कोण हे ठरलेलं नव्हतं. सिडनी रिग्डनने हक्क सांगितला, जेम्स स्ट्रँगने सांगितला (या गृहस्थांनी पुढे बीव्हर बेटावर स्वतःला चक्क राज्याभिषेक करून घेतला). ८ ऑगस्टला नॉव्हू या मॉर्मनांच्या गावातल्या सभेने कौल दिला तो बारा प्रेषितांच्या, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ नेत्यांच्या, मंडळाला. यंग त्या मंडळाचा प्रमुख होता. तो अध्यक्ष झाला डिसेंबर १८४७ मध्ये, म्हणजे साडेतीन वर्षं चर्च मंडळानेच चालवलं.

पुढे रूढ झालं ते असं : अध्यक्ष वारला की मंडळात ज्येष्ठतेने पहिल्या नंबरावर असलेला प्रेषित अध्यक्ष होतो. पण मंडळात ज्येष्ठ कोण, हेही सुरुवातीला पक्कं नव्हतं. १८३५ मध्ये पहिले बारा जण नेमले तेव्हा क्रम वयावरून लावला होता. ऑर्सन हाइड मधल्या काळात मंडळाबाहेर पडून परत आलेला, तरी अनेक वर्षं पहिल्या नंबरावर होता. १८७५ मध्ये यंगने त्याला आणि ऑर्सन प्रॅटला खाली सरकवलं. कारण दिलं ते सेवेत पडलेल्या खंडाचं. दोनच वर्षांनी यंग वारला. हाइड तेव्हा जिवंत होता, पण धुरा गेली जॉन टेलरकडे. नंबर बदलला नसता तर?

आणि पोरं. यंगने आपल्या तीन मुलांना प्रेषित केलं हे खरंच. त्यातला जॉन विलर्ड तेव्हा अकरा वर्षांचा होता, यावर मी काय बोलू! पण तिघांपैकी एकही अध्यक्ष झाला नाही. ब्रिगहॅम यंग ज्युनियरला प्रेषितपद जोसेफ एफ. स्मिथच्या आधी मिळालं होतं, मंडळात जागा मात्र नंतर. १९०० मध्ये ठरलं की ज्येष्ठता मंडळात आल्यापासून मोजायची. यंगचा मुलगा एक पायरी खाली गेला आणि पुढच्याच वर्षी तेव्हाचा अध्यक्ष लोरेंझो स्नो वारल्यावर अध्यक्ष झाला स्मिथ. तो संस्थापकाचा पुतण्या, हे तुम्ही लगेच दाखवून द्याल. द्या. घराण्याचं वजन नव्हतंच असं मी म्हणत नाही. पण तो आला तो नंबराने.

दोन अध्यक्षांमधला काळ कसा आटला ते पाहा. यंगनंतर टेलर अध्यक्ष व्हायला तीन वर्षं लागली, टेलरनंतर वुडरफला पावणेदोन. सप्टेंबर १८९८ मध्ये वुडरफ गेला आणि अकराव्या दिवशी स्नो अध्यक्ष होता. हुकूमशहा गेल्यावर गादी अशी शांतपणे हलत नाही.

राहिला चिमटा. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आणि पुण्यात धर्मप्रचार करत होता. तेव्हा सॉल्ट लेकचं गाव वसून जेमतेम चार-पाच वर्षं झाली होती. त्याच्यावर वेगळा लेख लिहितो आहे, तोही तपासून द्या.