रात्री पावणेएकचं बिल कोणत्या तारखेचं?

सहा वर्षं मी अशा ठिकाणी हिशेब सांभाळला, जिथे काउंटर संध्याकाळी सहाला उघडायचा आणि शेवटचं गिऱ्हाईक गेलं की बंद व्हायचा. रोज एक-दीड तर वाजायचाच. आमच्यासाठी तो एकच दिवस होता. आम्ही नवीन घेतलेल्या सॉफ्टवेअरसाठी मात्र ते दोन दिवस होते.

पहिल्या आठवड्यात काय झालं ते सांगतो. दीड वाजता गल्ला मोजला तर रोकड स्क्रीनवरच्या विक्रीपेक्षा जास्त. पुन्हा मोजली, पुन्हा तेवढीच. दुसऱ्या रात्री दुसरी सहकारी काउंटरला होती, तिची रोकड कमी भरली. तूट दिसली म्हणून तिच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. तिने बिचारीने रडत रडत तो लिहिलाही. तिसऱ्या दिवशी मी सगळी बिलं वेळेनुसार लावून बसलो, तेव्हा उलगडा झाला. बारा ते दीडमधली सतरा बिलं सॉफ्टवेअरने पुढच्या तारखेला टाकली होती. पैसे आदल्या रात्रीच्या गल्ल्यात, विक्री दुसऱ्या रात्रीच्या रिपोर्टमध्ये. चोरी नव्हती, चूक नव्हती, माणसाचा काही दोषच नव्हता. त्या खुलाशाचा कागद आठवला की मला आजही राग येतो.

बिल रद्द करण्याची गोष्ट तर आणखी वाईट. ११:५२ ला बिल केलं, त्यात एक वस्तू चुकून दोनदा लागली. गिऱ्हाईक १२:०६ ला परत आलं. स्क्रीनवर उत्तर: मागील तारखेचं बिल रद्द करता येणार नाही. चौदा मिनिटांपूर्वीचं बिल, समोर उभा माणूस, आणि मशीन म्हणतंय की तो काल येऊन गेला. शिवाय रोजचे नंबर बारा वाजता पुन्हा एकपासून सुरू व्हायचे, त्यामुळे २१४ नंबरवाला अजून थांबलेला असताना आम्ही १ नंबर पुकारत होतो.

मग लोक काय करतात? बाराच्या आधी कॉम्प्युटरचं घड्याळच मागे करून ठेवतात. मी हे एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय. तारीख सावरते, पण बिलांच्या वेळा खोट्या होतात, क्रम विस्कटतो आणि पुढे वाद झालाच तर नोंदीवर कोणी विश्वास ठेवत नाही. नीट काम करणाऱ्या माणसाला खोटी नोंद करायला लावणारं सॉफ्टवेअर मला मान्य नाही.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक व्यवहाराला दोन तारखा हव्यात. एक घड्याळाची, प्रत्यक्ष घडलं त्या क्षणाची, जिला कोणी हात लावू शकणार नाही. दुसरी कामाच्या दिवसाची, जी माणसाने ‘दिवस बंद’ केल्याशिवाय पुढे सरकणार नाही. गल्ला, शिफ्ट, रोजची विक्री दुसरीवर चालू द्या. छापील बिलावर आणि करासाठी कायदा सांगेल ती तारीख लावा. बारा वाजता कराचा दर बदलला तर घड्याळाची तारीख लागणारच.

यात नवीन काही नाही. हॉटेलांत नाईट ऑडिट असतं, म्हणजे रात्री दिवसभराचा हिशेब तपासून बंद करणं. ते होईपर्यंत बिझनेस डेट, म्हणजे कामाच्या दिवसाची तारीख, जुनीच राहते, घड्याळात दोन वाजले तरी. बँकेत रात्री उशिरा केलेला व्यवहार पुष्कळदा पुढच्या कामाच्या दिवसाच्या तारखेने नोंदला जातो. सार्वजनिक वाहतुकीच्या वेळापत्रकांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या जीटीएफएस या डेटा-मांडणीत मध्यरात्रीनंतर १:३५ ला सुटणारी फेरी २५:३५ अशी लिहिता येते, कारण ती आदल्या दिवसाच्याच सेवेतली असते. खगोलशास्त्रज्ञ तर १९२४ अखेरपर्यंत आपला दिवस दुपारी बारापासून मोजायचे. रात्रभराची निरीक्षणं एका तारखेत राहायची. ज्यांचं कामच रात्रीचं, त्यांना हे कधीच कळलं होतं.

काही कंपन्या ‘पहाटे चारला तारीख बदलेल’ अशी सोय देतात. काहीच नसण्यापेक्षा बरं. पण एखाद्या रात्री काम साडेचारला संपलं की पुन्हा तेच रडगाणं. आणि माणूस दिवस बंद करायला विसरला तर दोन दिवसांची विक्री एकाच तारखेवर बसते, हेही खरं. म्हणून वेळेची मर्यादा हवी ती आठवण करून देण्यासाठी, गुपचूप तारीख पालटण्यासाठी नव्हे.

सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर वेगळाच घोळ. तुमची वेळ यूटीसीच्या पुढे असली की मध्यरात्रीनंतरची एन्ट्री आदल्या तारखेची दिसते, आणि रिपोर्ट कुठल्या वेळेने काढलाय ते कुठेच लिहिलेलं नसतं.

हजेरीचंही तेच. रात्री दहाला आत, सकाळी सहाला बाहेर, आणि पत्रकात उणे सोळा तास! पगार कापला जातो त्या माणसाचा, जो सगळे झोपलेले असताना उभा होता.

तुमच्याकडे कोणी सॉफ्टवेअर दाखवायला आलं, तर चकचकीत रिपोर्ट नंतर बघा. आधी त्याला तुमच्यासमोर ११:५० ला बिल करायला सांगा, १२:१० ला ते रद्द करायला सांगा आणि दीड वाजता गल्ला बंद करून दाखवायला सांगा.