सातभाई सात नसतात, भाऊही नसतात

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरून आला. सातभाई पक्षी कायम सातच असतात, सगळे सख्खे भाऊ असतात, दिवसभर आपसांत भांडतात, आणि ज्या आवारात ओरडतात तिथल्या घरांत वाटण्या होतात. शिवाय कोकिळा अंडी घालते ती यांच्याच घरट्यात. खाली सल्ला : दिसले की हुसकवा.

सातच? मोजा की. कोथरूडला आमच्या पार्किंगमागच्या करंजाखाली कधी पाच येतात, कधी नऊ. वेताळ टेकडीवर घाणेरीच्या जाळीतून एकदा तेरा निघाले, एकामागून एक. मुळात हे एकाच पक्ष्याचं नाव नाही. मेसेजमधला फोटो पिवळ्या चोचीच्या जंगली सातभाईचा. टेकडीवर उघड्यावर दिसतो तो बहुधा मोठा करडा सातभाई. उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसतात. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘माल्कमी’ म्हणजे मुंबईचा गव्हर्नर राहिलेला माल्कम. कर्नल साइक्सने दख्खनचे पक्षी नोंदताना १८३२ मध्ये ते नाव दिलं.

सख्खे भाऊ म्हणाल, तर नर-मादी दिसायला सारखेच, म्हणून हा घोळ. टोळीत माद्या असतातच, नाहीतर पिल्लं कुठून येणार? नातलग बरेच, बाहेरून आलेलेही असतात. आणि पिल्लांना भरवायला आईबापांखेरीज बाकीचेही राबतात.

आता भांडण. दोन टोळ्यांची हद्द भिडली की चांगलीच जुंपते, ते खरं. पण एरवीचा कलकलाट बहुतेक वेळा कामाचा असतो. बाकीचे पाचोळा उलटत असतात तेव्हा एखादा उंचावर पहारा देतो. परवा स्कूटरखाली मांजर दबा धरून बसलं होतं. पहारेकरी ओरडला, आणि सगळी टोळी पंख अर्धवट पसरून त्याच्या डोक्यावर. मांजर निमूट निघून गेलं. तासाभराने तेच ‘भांडखोर’ एका फांदीवर चिकटून बसले होते, एकमेकांच्या मानेवरची पिसं विंचरत.

कोकिळेचं तर सपशेल चुकलंय. ती कावळ्याला फसवते. सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात पावशा आणि चातक. सातभाईंची अंडी निळीशार, चातकाचीही निळीच, ओळखणार कसं? ‘पेरते व्हा’ ऐकून हळवे होणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं : तो पावशा यांच्याच जिवावर वाढलेला असतो.

राहता राहिल्या वाटण्या. आमच्या विंगेत दोन झाल्या. दोन्हींचं कारण सातबारा, सातभाई नव्हे.