‘लॉकडाऊनमध्ये बायकांची ऑपरेशनं बंद होती, तरी कोणी मेलं नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हा मेसेज गेल्या काही दिवसांत मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला, एकदा तर माझ्याच नणंदेने टाकला, म्हणून लिहितेय. मी तालुक्याच्या गावी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे आणि कोविडच्या काळातही ओटीलाच ड्युटी होती. ज्यांच्यापर्यंत मेसेज आला नसेल त्यांच्यासाठी त्यातलं थोडक्यात सांगते: २०२० मध्ये बायकांची सगळी ऑपरेशनं बंद होती, तरी कोणी मेलं नाही, सगळ्यांचं गोळ्यांवर भागलं, डॉक्टर जिवाला घाबरून घरी बसले होते, म्हणजे पिशवीची ऑपरेशनं हा निव्वळ धंदा आहे, बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या ते आठवा, आणि तुम्हाला कोणी ऑपरेशन सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

पहिलं म्हणजे ‘सगळी बंद होती’ हेच खोटं आहे. बंद होती ती प्लॅन केलेली, म्हणजे ज्यांना तारीख देऊन बोलावतात ती. नळीत गर्भ राहिलेली बाई आली, बीजांडाला पीळ पडलेली मुलगी आली, अबॉर्शन अर्धवट होऊन रक्त थांबत नाही अशी आली, तर तिला कुठल्याच महिन्यात कोणी ‘लॉकडाऊन उठल्यावर या’ म्हणत नव्हतं, कारण तसं म्हणताच येत नाही, नळी फुटली की पोटात आतल्या आत रक्तस्राव होतो आणि हातात काही तास असतात. सिझर तर थांबतच नाही. मुंबईचं नायर हॉस्पिटल पूर्ण कोविडसाठी घेतलं तेव्हा तिथे हजारावर कोविड पॉझिटिव्ह बायकांची बाळंतपणं झाली, त्यात सिझरही होती. टाटा मेमोरियलमध्ये २३ मार्च ते ३० एप्रिल २०२०, म्हणजे अगदी कडक लॉकडाऊनमध्ये, कॅन्सरची ४९४ मोठी ऑपरेशनं झाली, त्यातल्या एकाही पेशंटचा ऑपरेशननंतर मृत्यू झाला नाही, सहा जण नंतर पॉझिटिव्ह आले आणि तेही बरे झाले. हे सगळं मुंबईत घडलंय आणि छापून आलंय, मेसेज लिहिणाऱ्याला शोधायचं असतं तर सापडलं असतं.

दुसरं, ‘कोणी मेलं नाही’. हे वाचून मला खरंच राग आला. गर्भ नळीत राहण्याचं प्रमाण शंभर गरोदर बायकांत एक-दोन असतं, फार नाही, पण त्या काळात बायका उशिरा यायला लागल्या. वाहन नाही, पास नाही, हॉस्पिटलला गेलं तर कोरोना होईल ही भीती, म्हणून पोटात दुखतंय ते अंगावर काढायचं आणि चक्कर येऊन पडली की मग आणायचं. इटली आणि इस्रायलमधल्या डॉक्टरांनीही तेव्हाच लिहून ठेवलंय की नळी फुटलेल्या अवस्थेत येणाऱ्या केसेस वाढल्या. आमच्याकडे एक आली होती, ओठ पांढरे फटक, बीपी लागत नव्हतं, वर रक्तपेढीत रक्ताची मारामार कारण शिबिरंच होत नव्हती. ती वाचली. प्रत्येकीला इतक्यात गाडी आणि रक्त मिळालं असेल असं मी म्हणू शकत नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्याने तर त्याहून म्हणू नये.

आणि कॅन्सरच्या बाबतीत तर माणूस मेला की नाही हे त्या महिन्यात कळतच नाही. देशातल्या ४१ कॅन्सर सेंटरनी मार्च ते मे २०२० चा हिशोब मांडला, आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा नवे पेशंट ५४ टक्क्यांनी कमी आणि मोठी ऑपरेशनं ४९ टक्क्यांनी कमी. कॅन्सर काही निम्मा झाला नव्हता ना, म्हणजे ती माणसं घरी होती. त्यात पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलेल्या बायका असणार, गर्भाशयाच्या तोंडाशी जखम असलेल्या असणार. ऑपरेशनला दर चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो असं २०२० मध्येच कितीतरी अभ्यास एकत्र करून दाखवलं गेलंय. अशी बाई २०२२ मध्ये गेली तर तिचं नाव लॉकडाऊनच्या खात्यात कोण लिहिणार?

आता ‘गोळ्यांवर भागलं’. यात थोडं खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. बीजांडावरच्या साध्या पाण्याच्या गाठी दोन-तीन पाळ्यांत आपोआप जातात, फायब्रॉइडच्या गाठी पाळी गेल्यावर आकसतात, म्हणून वाट बघितली आणि ऑपरेशन लागलंच नाही अशा बायका आहेत आणि चांगलंच झालं. पण बाकीच्यांचं भागलं नाही, ढकललं गेलं. रक्तस्राव थांबवायच्या हार्मोनच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्सा, लोहाच्या गोळ्या नाहीतर सलाइनमधून लोह, काहींना मिरेना, म्हणजे गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू, बसवली, काहींना गाठ आकसायचं महिन्याचं इंजेक्शन, पण ते इंजेक्शन सहा महिन्यांपुढे सहसा देत नाहीत, हाडं ठिसूळ होतात. सहा आणि सात एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) घेऊन घरातल्या सगळ्यांचा स्वयंपाक करणाऱ्या बायका मी बघितल्यात, कारण सगळे घरी आणि कामाला येणाऱ्या मावशी बंद. अंग बाहेर आलेल्या म्हाताऱ्या आज्या रिंग बसवून वर्षभर बसल्या. याला भागलं म्हणतात?

ब्रिटनमध्ये तर वेटिंग लिस्ट असते त्यामुळे हे आकड्यांत दिसतं. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२२ मध्ये सांगितलं की इंग्लंडमध्ये एक वर्षाहून जास्त थांबलेल्या बायका कोविडआधी ६६ होत्या, त्या जवळपास २५ हजार झाल्या. ऑपरेशनं बिनकामाची असती तर रांग विरघळली असती, ती वाढली.

‘डॉक्टर घाबरून बसले’ यावर फार लिहीत नाही. भीती सगळ्यांना होती, मलाही होती. पण तारखा पुढे ढकलायचं मुख्य कारण पेशंटचा जीव हे होतं. वुहानमध्ये ज्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा अंगात कोरोना होता पण लक्षणं नव्हती अशा ३४ जणांतले ७ गेले. मग मे २०२० मध्ये २४ देशांतल्या ११२८ पेशंटचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, ऑपरेशनच्या आसपास कोरोना झालेल्यांतले जवळपास २४ टक्के महिनाभरात दगावले. ती सगळ्या प्रकारची, बरीचशी इमर्जन्सी ऑपरेशनं होती, फक्त बायकांची नव्हती, तरी हे वाचून ज्या गाठीला तीन महिने थांबता येतंय त्या बाईला कोण टेबलवर घेईल? शिवाय भूल देणारे डॉक्टर आणि व्हेंटिलेटर कोविड आयसीयूत गेले होते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटातल्या गॅसबरोबर आणि कॉटरीच्या, म्हणजे रक्त थांबवायला भाजणाऱ्या यंत्राच्या, धुरातून विषाणू पसरतो का हे सुरुवातीला कोणालाच माहीत नव्हतं. जमेल तिथे पूर्ण भूल न देता कमरेत इंजेक्शन देऊन केलं, आधी स्वॅब, मग पीपीई किट घालून एसी बंद ओटीत दोन-दोन तास. नंतर कळलं की कोरोना होऊन सात आठवडे झाले की धोका पुन्हा नेहमीसारखा होतो, तशा तारखा द्यायला लागले.

राहिलं बीड, आणि इथे मी मेसेजच्या बाजूने अर्धी उभी आहे. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी करवली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरात सोळा-सतरा, देशात हे प्रमाण साधारण तीन आहे. तिशीच्या आतबाहेरच्या बायका. पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, उचल फिटणार नाही, फडात संडास नाही पाणी नाही, आणि अंगावरून पांढरं जातंय म्हणून गेली तर कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायची. हा गुन्हाच आहे. पण त्या बायकांना नुसतं ‘नाही म्हणा’ सांगून काय मिळणार होतं? त्यांना आधी साध्या इन्फेक्शनवर औषध, सोनोग्राफी आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत मिळायला हवं होतं. त्यांचं दुःख वापरून रक्तस्रावाने बेजार झालेल्या बाईला घरी बसवायचं, हे मला पटत नाही.

तर ऑपरेशन सांगितलं की विचारा: नेमका आजार काय, रिपोर्टमध्ये कुठे दिसतो, गोळ्या किंवा मिरेनाने होईल का, तीन महिने थांबले तर काय होईल, बीजांडं ठेवणार की काढणार. उत्तर पटलं नाही तर फाइल घेऊन सरकारी हॉस्पिटलमध्ये किंवा दुसऱ्या गायनॅककडे जा, कोणी रागावत असेल तर रागावू दे. पण पाळी जाऊन वर्ष झालंय आणि डाग दिसला, संबंधानंतर रक्त येतंय, तासाला पॅड भिजतोय, किंवा पाळी चुकलीय आणि एका बाजूला पोटात कळ येतेय, यातलं काही असेल तर मेसेज वाचत बसू नका. डाग किंवा संबंधानंतरचं रक्त असेल तर याच आठवड्यात दाखवा, पॅड भिजत असेल किंवा पोटात कळ असेल तर लगेच निघा, रात्र असली तरी.