एका चेहऱ्याला एकच पेशी? त्या फॉरवर्डचा समाचार

दहावीचं वर्ष सुरू झालं की घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. सांगणं असं: मेंदूत प्रत्येक माणसाची, प्रत्येक गोष्टीची एकच पेशी असते, शास्त्रज्ञांना हॉलिवूड अभिनेत्री जेनिफर ॲनिस्टनची सापडलीसुद्धा, ती मेली की आठवण गेली, आणि पेशीत एकदा बसलेलं कुठेही, कसंही विचारा, जसंच्या तसं आठवतं. खाली मेमरी क्लासचा नंबर. थापेला खऱ्या संशोधनाची फोडणी आहे, म्हणून ती पचते.

‘एकच पेशी.’ मूळ काम 2005 सालचं, मेंदूसंशोधक रोद्रिगो कियान किरोगा, इत्झाक फ्रीड आणि सहकाऱ्यांचं. औषधांना दाद न देणाऱ्या एपिलेप्सीत फिट कुठून सुरू होते हे शोधायला काही रुग्णांच्या मेंदूत बारीक तारा घालतात. त्याच तारांवर एकेक न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली पेशी, कधी ‘वाजतो’ (विजेचे ठोके देतो) ते टिपता येतं. एक न्यूरॉन ॲनिस्टनच्या वेगवेगळ्या फोटोंना वाजला. दुसरा अभिनेत्री हॅली बेरीच्या फोटोंनाच नव्हे, नुसत्या लिहिलेल्या नावालाही. इथवर मेसेज बरोबर. पण जरा हिशेब करा. मेंदूत न्यूरॉन सुमारे 86 अब्ज, तारेला लागतात मोजके, आणि फोटो दाखवले शंभरेक. ॲनिस्टनची पेशी एकुलती एक असती तर ती नेमकी हाती लागणं म्हणजे लॉटरीच. लागली, याचाच अर्थ तशा पुष्कळ आहेत. संशोधकांचा स्वतःचा अंदाज लाखांच्या घरातला आहे. शिवाय तीच पेशी पुढच्या दिवशी ‘फ्रेंड्स’ मालिकेतली ॲनिस्टनची सहकलाकार लिसा कुड्रो हिच्या फोटोंनाही वाजली. एवढं मात्र मेसेजवाल्यांनी गाळलं.

‘पेशी मेली, आठवण गेली.’ 1953 मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या रुग्णाचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी साठवायला लागणारा भाग, दोन्ही बाजूंनी बराचसा काढला. ॲनिस्टनवाली पेशी याच भागातली. त्यांना नवं काही लक्षात ठेवता येईना, पण आईवडील ओळखीचे राहिले. पुढे बोलायची गरज नाही.

‘कुठेही, कसंही विचारा.’ हे सगळ्यात चुकीचं, आणि सगळ्यात मजेदारही. जांभळी नाक्यावरचा रोजचा भाजीवाला ठाणे स्टेशनच्या पुलावर समोर आला, की चेहरा ओळखीचा वाटतो, पण हा कोण ते काही केल्या आठवत नाही. चेहरा तोच, संदर्भ हरवलेला. जर्मनीतल्या बॉनमध्ये मेंदूत तशाच तारा घातलेल्या 16 रुग्णांना आधी प्रश्न दाखवला, उदाहरणार्थ ‘मोठं कोणतं?’, मग एकापाठोपाठ दोन चित्रं. तीन हजारांवर न्यूरॉन नोंदले. काही चित्राला वाजत, प्रश्न कुठलाही असो. काही प्रश्नाला वाजत, चित्र कुठलंही असो. दोन्ही सांभाळणारे थोडेच. म्हणजे ‘काय’ आणि ‘कशासंदर्भात’ यांचे गट बहुतांशी वेगळे. प्रयोग पुढे सरकत गेला तसं चित्राचा न्यूरॉन वाजला की सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात संदर्भाचा वाजू लागला. जोड अशी सरावाने घट्ट होते.

म्हणूनच ‘राज्याभिषेक कधी झाला?’ याला 1674 फटकन सांगणारं पोर ‘1674 मध्ये रायगडावर काय घडलं?’ म्हटल्यावर अडखळलं, तर त्याची पेशी झोपलेली नाही, त्या प्रश्नाशी जोड कच्ची आहे. त्याच गोष्टीला चार बाजूंनी प्रश्न विचारून बघा. त्याला फी लागत नाही.