जॉइसने ‘एक शब्दही बदलू दिला नाही’?

मराठी वाचकांच्या गटांत जेम्स जॉइसविषयीचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्यात दावे चार. या आयरिश कादंबरीकाराने कुणाची मदत घेतली नाही. संपादकाला एक शब्द बदलू दिला नाही. दुसऱ्याच्या लेखनाकडे ढुंकून पाहिलं नाही. आणि त्याच्या पत्रांत वाचण्याजोगं काही असेल, तर त्याची जोडीदार नोरा हिला लिहिलेली चावट पत्रं. खाली ‘लेखक असावा तर असा’ म्हणून शाबासक्या. नव्याने लिहिणारी मुलं हे खरं मानतात आणि संपादकाची प्रत्येक सूचना अपमान समजू लागतात. मला हे फार घातक वाटतं, कारण जॉइसची पत्रं नेमकं उलटं सांगतात.

चावट पत्रांचं आधी उरकू. ती खरी आहेत, 1909 सालची आहेत आणि 1975 च्या निवडक पत्रांच्या पुस्तकात ती छापली गेली. पण 1957 आणि 1966 साली मिळून त्याच्या पत्रांचे तीन खंड निघाले होते. पैशांची ओढाताण, डोळ्यांची दुखणी, छापखाने आणि सोबतचे लेखक यांनी ते भरले आहेत. खासगीतल्या मूठभर पत्रांवरून सगळा पत्रव्यवहार निकालात काढणं हा अन्याय आहे.

आता मदत. 1913 च्या डिसेंबरात जॉइस आज इटलीत असलेल्या त्रिएस्ते शहरात इंग्रजीच्या शिकवण्या करत होता आणि ‘डब्लिनर्स’ हा त्याचा कथासंग्रह छापला न जाता वर्षानुवर्षं अडकून पडला होता. तेव्हा आयरिश कवी येट्सच्या सांगण्यावरून अमेरिकन कवी एझरा पाउंडने त्याला पत्र लिहिलं. दोन महिन्यांत ‘द इगोइस्ट’ या लंडनच्या नियतकालिकात त्याची पहिली कादंबरी क्रमशः सुरू झाली. थोड्याच दिवसांत हॅरिएट शॉ वीव्हर तिथे संपादक झाल्या. छापखान्याने वाक्यं गाळली तर त्या छापखाना बदलत. पुस्तक छापायला इंग्लंडात कुणी धजेना, तेव्हा त्यांनी न्यूयॉर्कहून छापील फर्मे मागवून 1917 मध्ये ते काढलं. त्याच वर्षापासून त्या वकिलामार्फत, नाव न सांगता, जॉइसला पैसेही देऊ लागल्या. 1919 मध्ये त्यांनी स्वतः कळवलं तेव्हा कुठे त्याला समजलं. एकट्याने लढणाऱ्या माणसाची ही गोष्ट नव्हे.

‘एक शब्दही नाही’ हा दावा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात चुकीचा. 1906 मध्ये प्रकाशक ग्रँट रिचर्ड्सला लिहिलेली पत्रं ओळीने वाचावीत. ‘डब्लिनर्स’मधली एक गोष्ट छापायला छापखानाच तयार नव्हता. एका शिवीवरही हरकत होती. जॉइस बाणेदारपणे लिहितो, की मला माझ्या देशाच्या नैतिक इतिहासाचं एक प्रकरण लिहायचं होतं आणि डब्लिन हे मला पक्षाघाताचं केंद्र वाटलं. बाणेदारपणाच्या भरात तो हेही सुचवतो, की छापखान्याच्या नजरेतून सुटलेली दुसरी एक गोष्ट खरं तर याहून भयंकर आहे. झालं, रिचर्ड्सने तीही नको म्हटलं! मग सुरू होते घासाघीस. ती शिवी जॉइस बऱ्याच ठिकाणी काढतो, एका गोष्टीत मात्र हवीच म्हणून अडून बसतो. म्हणजे तो बदलत होता, आणि कुठे बदलायचं नाही हे एकेका शब्दापुरतं ठरवत होता. तरीही त्या वर्षी पुस्तक नाकारलं गेलं. शेवटी 1914 मध्ये ते काढलं त्याच रिचर्ड्सने, कारण जॉइसने पुन्हा त्याचंच दार ठोठावलं.

पुढे ‘युलिसिस’ या कादंबरीच्या वेळी पाउंडने न विचारता कात्री लावली. शौचाच्या प्रसंगातल्या काही ओळी त्याने ‘लिटल रिव्ह्यू’ या अमेरिकन नियतकालिकात छापण्याआधी गाळल्या. जॉइसने 1922 च्या पुस्तकात त्या परत घातल्या, पण पाउंडशी संबंध तोडले नाहीत.

मला सर्वात भावतो तो 1926 चा प्रसंग. जॉइसने वीव्हरबाईंना विचारलं, तुमची काही फर्माईश असेल तर सांगा, त्यावर लिहितो. त्यांनी इंग्लंडच्या उत्तरेतल्या पेनरिथ गावच्या चर्चची माहितीपुस्तिका पाठवली. तिथल्या आवारात ‘राक्षसाची कबर’ म्हणून एक जागा आहे. त्या राक्षसावरून ‘फिनेगन्स वेक’ या त्याच्या शेवटच्या कादंबरीची सुरुवातीची पानं तयार झाली. लेखक आपल्या संपादिकेकडून विषय मागून घेतो आणि त्यातून पुस्तकाचं तोंड उघडतं! पुढे त्याच बाईंनी या लेखनाची दिशा आपल्याला आवडत नाही, असं स्पष्ट लिहिलं, पाउंडनेही नापसंती कळवली. जॉइस अस्वस्थ झाला, पण थांबला नाही. इथे मात्र त्याने ऐकलं नाही, हे मान्य.

राहिला ‘दुसऱ्याच्या लेखनाकडे ढुंकून पाहिलं नाही’ हा दावा. अठरा-एकोणीस वर्षांच्या जॉइसने नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या नाटकावर लेख लिहिला, आणि इब्सेनने अनुवादकामार्फत आभार कळवले तेव्हा तो हरखून गेला. पुढे इब्सेनच्या वाढदिवसाला त्याने स्वतः पत्र पाठवलं. नाव झाल्यावरही ही आच टिकली. त्रिएस्तेतला त्याचा जुना विद्यार्थी इटालो स्वेवो याने 1923 मध्ये स्वखर्चाने काढलेल्या कादंबरीकडे इटलीत कुणी लक्ष देईना. जॉइसने त्याला कळवलं, हे तुमचं सर्वोत्तम पुस्तक आहे, हताश का होता? आणि प्रती कुणाकुणाला पाठवायच्या ती नावंही दिली: लार्बो आणि क्रेमिय हे फ्रेंच समीक्षक, एलियट आणि फोर्ड हे इंग्रजीतले लेखक-संपादक. स्वेवोने प्रती धाडल्या. 1926 च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या एका नियतकालिकाने त्याच्यावर अंक काढला, तोही लार्बो आणि क्रेमिय यांच्याच पुढाकाराने.