काल्यानंतरचा हिशोब

मागच्या रविवारी चुलतभावाचा फोन आला. "लेकरांना हिशोब मागून तू गावाची इज्जत घालवलीस," म्हणाला. मी कॉस्टकोच्या पार्किंगमध्ये होतो. ट्रंक उघडीच ठेवून अर्धा तास ऐकत राहिलो.

उदगीरजवळच्या आमच्या गावातल्या पोरांनी एका गाजलेल्या ऐतिहासिक सिनेमाचा पुढचा भाग स्वतःच काढायचं ठरवलं. तीच पात्रं, तसेच पोशाख, मूळ सिनेमातलंच संगीत. क्यूआर कोड फिरला. पुण्यातून, दुबईतून पैसे आले. मीही दोनशे डॉलर पाठवले. टीझर आला आणि मूळ सिनेमाच्या कंपनीने हक्क सांगताच आठवड्यात उतरला. काम थांबलं. उरलेल्या पैशांचं विचारलं तर कळलं, ड्रोन घेतला आणि काही रक्कम एकाच्या बुलेटच्या हप्त्यांत गेली. मी पावत्या मागितल्या. तेव्हापासून गावात एकच सूर : पोरांनी एक रुपया कमावला नाही, मग चोरी कसली? आणि अमेरिकेत बसून आम्हाला शिकवू नका.

कमावलं नाही म्हणजे सगळं माफ, हे मला पटत नाही. 1957 चा आपला कॉपीराइट कायदा समीक्षा, बातमी, खासगी अभ्यास यांसाठी मोकळीक देतो. पण नफा घेतला नाही एवढ्यावर दुसऱ्याची पात्रं वापरायचा परवाना मिळत नाही. इथे अमेरिकेतही मिळत नाही. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ मालिकेच्या चाहत्यांनी 'अ‍ॅक्सनार' नावाच्या सिनेमासाठी दहा लाख डॉलरच्या वर देणग्या जमवल्या. डिसेंबर 2015 मध्ये मालिकेचे हक्क असलेल्या पॅरामाउंट आणि सीबीएसने दावा लावला. देणग्या स्टुडिओवर आणि निर्मात्याच्या स्वतःच्या खर्चावर गेल्याचा आरोपही झाला. त्याचं म्हणणं, आपण पदरचे पैसेही घातले. 'फेअर यूज'चा, म्हणजे परवानगीशिवाय मर्यादित वापराच्या मुभेचा, बचाव इथे चालणार नाही, असं न्यायाधीशांनी जानेवारी 2017 मध्ये सांगितलं आणि त्याच महिन्यात तडजोड झाली. पूर्ण लांबीच्या सिनेमाऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग, एवढंच हाती राहिलं. मधल्या काळात, जून 2016 मध्ये, कंपन्यांनी चाहत्यांसाठी नियम काढले : एक भाग पंधरा मिनिटांचा, फार तर दोन भाग, वर्गणी पन्नास हजार डॉलरपर्यंत. नियम जाचक आहेत, पण लिहिलेले आहेत. पोराला आधीच कळतं, कुठवर जायचं. आपल्याकडे टीझर उतरल्यावर कळतं.

भावाला हे सांगितलं तर म्हणाला, "तुमच्याकडचं तुमच्याकडे ठेव."

हे मला फार लागलं. हिशोब मागणं मी अमेरिकेत शिकलो नाही, मारुतीच्या देवळात शिकलो. सप्त्याची पट्टी अण्णा गोळा करायचे. काल्याचं कीर्तन झालं की पंगत बसायच्या आधी उभं राहून वाचायचे : तांदूळ किती, महाराजांची बिदागी किती, मंडपाचं भाडं किती, शिल्लक किती. एका साली शिल्लक सत्तावीस रुपये होती, तीही वाचली. अण्णांवर संशय होता म्हणून नव्हे. पट्टी गावाची होती म्हणून. पोरांकडे जमलेले पैसेही दुसऱ्यांचे होते, आणि पात्रंही दुसऱ्यांची. दोन्हींना हात लावताना विचारायला हवं होतं.

आता खरं सांगतो. मी पैसे सिनेमासाठी दिलेच नव्हते. शेवटी देणाऱ्यांची नावं येणार होती, गावासकट. इथे माझं आडनाव कुणाला नीट घेता येत नाही. ते एकदा गावाच्या नावाशेजारी पडद्यावर दिसावं, एवढ्यासाठी दिले.

फोन ठेवण्याआधी भावाने विचारलं, "तू शेवटचा काला कधी खाल्लास?"

2011. अण्णा होते तेव्हा. त्यानंतर पट्टी दरवर्षी पाठवतो, मी जात नाही.

"अजून वाचतात का रे हिशोब?" मी विचारलं.

"वाचतात की. अण्णांच्या माघारी मीच वाचतो. तुझं नाव पण वाचतो."

"मग औंदा पोरांचाही वाच," मी म्हणालो.

बराच वेळ तो काही बोलला नाही. फोन मात्र त्याने ठेवला नव्हता.